इंटर्नशिपचे अर्ज: चाळीस ठिकाणी की चार ठिकाणी?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले, "दादा, इंटर्नशिपला अर्ज कुठे कुठे टाकू?" आज त्यावरच बोलू. मेढ्याच्या घरातून रेकॉर्ड करतोय, मध्येच एसटीचा हॉर्न आला तर समजून घ्या.

आधी मी काय केलं ते सांगतो. थर्ड इयरला एका रात्रीत चाळीसेक ठिकाणी एकच रेझ्युमे टाकला. आठवड्याने एक उत्तर आलं, "अभिनंदन, तुमची निवड झाली." मुलाखत नाही, काही नाही. फक्त 'रजिस्ट्रेशन'चे दोन हजार भरायचे. भरले. आईला सांगितलं, कॉलेजची फी आहे. महिनाभरात एक कॅल्क्युलेटर आणि एक टू-डू लिस्ट बनवली, कोणी तपासलंही नाही आणि शेवटी पीडीएफ सर्टिफिकेट आलं. पुढे एका खऱ्या मुलाखतीत विचारलं, "तुमचा कोड कोणी वाचला? काय चुका काढल्या?" मी गप्प.

तोच प्रश्न मी आता अर्जाआधी विचारतो. माझा कोड कोण वाचणार? जाहिरातीत कळत नसेल तर सरळ मेल टाकायचा. कंपनीचं नाव मोठं नसलं तरी चालतं. साताऱ्यात चार जणांचं ऑफिस असेल, पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळत असतील, आणि शेजारी बसून "हे असं नको, असं कर" म्हणणारा एक माणूस असेल, तर मी आधी तिथे अर्ज टाकेन. व्याजाचा हिशेब एका रुपयाने चुकला की लगेच फोन येतो. टू-डू लिस्टला कोण फोन करतंय?

आणि पैसे मागितले की विषय संपला. रजिस्ट्रेशन, लॅपटॉपचं डिपॉझिट, सर्टिफिकेटचा चार्ज, नाव काहीही असू दे. पैसे गेलेच असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करा. मी लाजेपोटी केला नाही.

दुसरं, पुण्याचा हिशेब. स्टायपेंड आठ हजार म्हणजे भारी वाटतं. आता कागदावर मांडा: कॉट बेसिसचं भाडं, त्याचं डिपॉझिट, मेस, रोजची बस, महिन्यातून एकदा घरी येणं. वजाबाकी केली की कळतं, उरलेले पैसे घरूनच येणार. तरीही जायचं असेल तर जा, पण तो कागद आधी घरच्यांना दाखवा.

पीएम इंटर्नशिप योजनेबद्दल खूप जण विचारतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हाचे नियम असे: वय २१ ते २४, मुदत १२ महिने, महिना ५,००० रुपये, आणि पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी चालत नाही. म्हणजे तेव्हा डिग्री चालू असताना तिचा उपयोग नव्हता. घरात कोणी शिक्षण संपवून बसलं असेल तर त्यांना सांगा, आणि सध्याचे नियम पोर्टलवर बघूनच अर्ज करा.

याशिवाय मला दोन गोष्टी आवडतात. एक, आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प. ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर काम असतं, आणि समर फेलोशिपसाठी आधी एक टास्क करून द्यायचा असतो. केलेलं काम बघून निवड होते, हे आपल्यासारख्यांना बरं. दुसरं, गूगल समर ऑफ कोड. २००५ पासून चालू आहे, वय १८ पूर्ण पाहिजे, मध्यम प्रोजेक्ट साधारण १७५ तासांचा, मोठा ३५० तासांचा. अर्ज मार्च-एप्रिलच्या सुमारास असतात, पण तेव्हा जागं होऊन उपयोग नाही. दिवाळीनंतरच एखादा प्रोजेक्ट पकडा, छोटे बग सोडवा, म्हणजे अर्जाच्या वेळी तिथली माणसं तुम्हाला ओळखत असतील.

अजून एक. पावसाळ्यात जावळीत लाईट गेली की रेंजही जाते, हे सांगायला नको. रोज सकाळी दहाला व्हिडिओ कॉल लागणारं काम घेतलं तर जुलैत हाल होतात. ओपन सोर्सचं बरंचसं बोलणं लिखित चालतं, रात्री रेंज आली की कोड पाठवता येतो.

कॉलेजच्या ओजेटीचे क्रेडिट हवे असतील तर रिमोट काम चालतं का, ते सरांना जॉईन व्हायच्या आधी विचारा. सही-शिक्क्यावरून नंतर धावपळ होते.

तर किती अर्ज? मी नंतर चारच केले. प्रत्येकाला एक संध्याकाळ दिली, त्यांचं सॉफ्टवेअर वापरून बघितलं, आणि मेलमध्ये "तुमच्या ॲपमध्ये मराठी नावं शोधताना हे असं अडतं" असं एक वाक्य लिहिलं. दोघांचं उत्तर आलं.

आणि ते दोन हजार? मागच्या दिवाळीत आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. पावती कुठंय विचारलं तर तू जेवण सोडून उठला होतास."

चला, लाईट आहे तोवर फाईल अपलोड करतो.