चावीचा सेल बदलला, तरी गाडी उघडेना

सकाळची वेळ होती. निफाड तालुक्यातल्या एका गावी आम्ही मुक्कामाला होतो. घरातल्या आबांना डोळे तपासायला नाशिकला न्यायचे होते. मोटार अंगणात उभी होती. आबांचा मुलगा चावीचे बटण पुन्हा पुन्हा दाबीत होता. पण दार काही उघडेना.

"कालच नवा सेल घातला," तो म्हणाला. "जुना काढून टाकला. आता ही चावीच गेली! नवी करायची म्हणजे हजारांचा खर्च."

आबा म्हणाले, "अरे, आधी उघडून तर बघ. खर्चाचं मागून बोलू."

आबांचे म्हणणे खरे होते. आम्ही सगळे ओट्यावर बसलो. चावी उघडली. पाच मिनिटांत दोष सापडला. तो कोणता, ते पुढे सांगतो. आधी ही चावी काम कशी करते ते पाहू.

चावीच्या पोटात काय असते?

पूर्वी जीपला साधी लोखंडी चावी असे. आता तसे राहिले नाही. बोलेरो आणि स्कॉर्पिओ या गाड्या नाशिकच्या कारखान्यात तयार होतात. त्या आज गावोगाव दिसतात. इतर कंपन्यांच्या गाड्याही दिसतात. यांतल्या पुष्कळ गाड्यांना बटणाची चावी असते. तिच्यात तीन गोष्टी असतात.

पहिली गोष्ट म्हणजे लोखंडी पाते. त्याने दार हाताने उघडता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे रिमोट. बटण दाबले की तो गाडीला हवेतून खूण पाठवतो. रेडिओचे गाणे हवेतून येते ना, तशीच ही खूण जाते. मात्र ती थोड्या पावलांपर्यंतच पोचते. या कामाला सेल लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे एक बारीक चिप. ती लहानशा काळ्या खड्याएवढी असते. तिला सेल लागत नाही. चावी फिरवायच्या जागी आत तारेची गुंडाळी असते. ती गुंडाळी चिपला वीज पुरवते. मग चिप गाडीला आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच इंजिन चालू होते. चोराने नुसते पाते घडवून आणले, तर गाडी हलत नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. सेल संपला तरी गाडी अडून राहत नाही. पात्याने दार उघडा आणि गाडी चालू करा. कधी कधी भोंगा वाजू लागतो. घाबरू नका. गाडी चालू केली की तो बहुधा थांबतो. काही गाड्या बटण दाबून चालू होतात. त्यांच्या चावीत पाते लपवलेले असते. त्या गाडीत चावी चालू करायच्या बटणाला टेकवतात, नाहीतर ठरलेल्या जागी ठेवतात. ती जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

आकडा वाचा

आता आबांच्या चावीकडे येऊ. आत सेल होता, पण तो सैल बसला होता. चावी हलवली की खुळखुळे. आम्ही सेलवरचा आकडा वाचला. तो २०२५ होता. चावीच्या आत मात्र २०३२ असे कोरलेले होते.

हे आकडे म्हणजे सेलचे माप असते. २० म्हणजे रुंदी २० मिलिमीटर. ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. २०२५ ची जाडी २.५ आणि २०१६ ची १.६ मिलिमीटर असते. तिघांची रुंदी एकच. वरून पाहिले तर तिघेही सारखेच दिसतात. पण बारीक सेल जाड सेलच्या जागी नीट टेकत नाही. मग वीज पुढे जातच नाही.

मुलगा म्हणाला, "दुकानदारानं दिला, मी घेतला. आकडा बघितलाच नाही."

आपल्याला आता आकडे वाचता येतात. मग दुकानात एवढे वाचायलाच हवे. सेलवर आकडे इंग्रजी असतात. ते एका कागदावर उतरवून न्या. सेल बंद पाकिटातला घ्या. पाकिटावरची तारीखही पाहा. फार दिवस पडून राहिलेला सेल नवा असूनही कमजोर असू शकतो.

आकडा बरोबर असला तर?

तरीही चावी चालेना, तर एकेक गोष्ट पाहा.

आधी सेलची बाजू पाहा. सेलच्या एका अंगावर अधिकची खूण असते. ते अंग कुठल्या बाजूला हवे, ते बहुतेक चाव्यांत दाखवलेले असते. सेल उलटा बसला तर चावी मुकी होते.

मग सेल पुसा. काही सेलवर पातळ कागद चिकटवलेला असतो. तो काढावा लागतो. बोटांचे तेल आणि घामही आड येतो. कोरड्या स्वच्छ कापडाने पुसले की झाले. पाणी लावू नका.

सेलला टेकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्याही पाहा. दबल्या असतील तर हलक्या हाताने किंचित वर करा.

चावी नेहमी ताटात उघडा. काही चाव्यांत ती बारीक चिप सुटी असते. ती पडून हरवली, तर दार उघडेल, पण इंजिन चालू होणार नाही.

एवढ्यानेही काम झाले नाही, तर दुसरी चावी आणून पाहा. दुसरी चालली, तर दोष पहिल्या चावीत आहे. दोन्ही चालल्या नाहीत, तर बहुधा दोष गाडीत आहे. भोंगा मंद वाजत असेल, आतला दिवा मिणमिणत असेल, तर गाडीची मोठी बॅटरी उतरली आहे, असे समजा.

कधी कधी चावीचा आणि गाडीचा मेळ सुटतो. चोराला नक्कल करता येऊ नये, म्हणून चावी दर वेळी नवी खूण पाठवते. समजा, दोघे जण जोडीने माळ ओढीत आहेत. एक पुष्कळ मणी पुढे गेला, तर मेळ राहत नाही. तसेच हे आहे. चावी दूर असताना मुलांनी बटण फार वेळा दाबले, तर असे होऊ शकते. मेळ पुन्हा बसवता येतो. त्याची रीत गाडीगणिक वेगळी असते. ती पुस्तिकेत पाहा, नाहीतर मेस्त्रीला विचारा.

जुना सेल कुठे गेला?

आम्ही हे बोलत होतो, तेवढ्यात आजीने विचारले, "जुना सेल कुठं टाकलास रे?" कुणालाच आठवेना. शोधाशोध झाली. तो सापडला धाकट्या नातीच्या मुठीत. ती तो तोंडात घालणारच होती.

हा सेल चकचकीत नाण्यासारखा दिसतो. पण तो मुलाच्या अन्ननळीत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू शकते. भोक पडून जीवही जाऊ शकतो. चावीला न पुरणाऱ्या सेलातही एवढी वीज उरलेली असते.

मुलाने सेल गिळला असा नुसता संशय आला, तरी थांबू नका. ओकारी काढू नका. केळे किंवा भात चारू नका. शौचावाटे पडेल म्हणून वाट पाहू नका. १०८ वर फोन करा, किंवा मिळेल त्या वाहनाने एक्स-रे असलेला मोठा दवाखाना गाठा. मुलाने सेल नाकात किंवा कानात घातला, तरी हेच करा.

जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा. तो उंचावर ठेवा. पुढे जुना विजेचा माल गोळा करणाऱ्याकडे द्या. चुलीत मात्र कधीच टाकू नका.

आबांचा मुलगा पात्याने दार उघडून गाडीत बसला. भोंगा जरा ओरडला आणि गप्प झाला. नाशिकला घड्याळाच्या दुकानात २०३२ चा सेल मिळाला. तो घालताच दार उघडले.

परत येताना आबा म्हणाले, "चावी काही बिघडली नव्हती. आपण वाचलं नव्हतं, एवढंच."

आणि जुना सेल? तो चिकटपट्टी लावून आजीच्या वरच्या फडताळात बसला होता.