अंगणवाडीचे दफ्तर आणि अदृश्य बालके
(सर्वांची शाळा : लेखांक सातवा)

1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचे दफ्तर यथावकाश नव्या कचेऱ्यांत दाखल झाले. त्याच वर्षी लंडन विद्यापीठात डॉ. मिथू अलूर यांचा पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण झाला. ‘अदृश्य बालके’ असे त्याच्या शीर्षकाचे मराठी करता येईल. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु त्या प्रबंधाने जो प्रश्न उपस्थित केला तो नव्या जिल्ह्याच्या प्रत्येक हजेरीपटालाही विचारता येण्याजोगा होता, आणि म्हणूनच समावेशक शिक्षण व अपंगत्व-अभ्यास या क्षेत्रांतील विद्याव्यासंगी आयुष्य कसे घडते, हे सांगताना मी त्यांचे उदाहरण पुढे ठेवीत आहे.

अलूर यांची कन्या मालिनी 1966 साली जन्मली ती मेंदूचा पक्षाघात घेऊन. शरीराच्या हालचाली व वाणी यांवर ज्याचा आघात होतो, परंतु बुद्धीवर तो होतोच असे नाही, असा हा विकार. आणि त्या काळी आपल्याकडे अशा मुलासाठी करण्यासारखे काही नाही, असे सांगून आईबापांची बोळवण करण्याचा शिरस्ता होता. इंग्लंडमध्ये मात्र मुलीस शाळा मिळाली, मातेने विशेष शिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेतले, आणि स्वदेशी परतून 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापिली. पुढे मालिनी चिब यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी आणि लंडनमधून पदव्युत्तर शिक्षण घेऊन स्वतःचे आत्मचरित्र लिहिले.

संस्था स्थापन झाल्यानंतर सुमारे पाव शतकाने, पद्मश्रीचा बहुमान पदरी असताना, अलूर पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. प्रथम ग्रंथ आणि मग जीवन, हा आपल्या विद्यापीठांतील नेहमीचा क्रम येथे उलटा झाला, आणि या विषयापुरता तरी तो उलटा क्रमच मला अधिक श्रेयस्कर वाटतो. कारण ज्याने मुलाचा हात धरून त्याला पहिले अक्षर गिरविण्यास शिकविले आहे, त्यालाच शासकीय मसुद्यातील गाळलेली जागा चटकन दिसते.

ती गाळलेली जागा त्यांना सापडली एकात्मिक बालविकास सेवा योजनेत. 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांनिशी आरंभ झालेली ही योजना म्हणजेच आपली अंगणवाडी. सहा वर्षांखालील बालकांना आहार, आरोग्यतपासणी व पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याची तिची प्रतिज्ञा होती, आणि ‘सर्व बालके’ या शब्दांत अपंग बालकही येते असे कोणीही सरळ मनाने समजले असते. पण प्रत्यक्ष अंमलबजावणीत ते बालक बाहेर राहिले होते. त्याला कोणी मज्जाव केला नव्हता. त्याचा विचारच झाला नव्हता. अपंगांचा विषय शिक्षण खात्याकडे नसून कल्याण खात्याकडे, त्यामुळे तो हक्काचा नव्हे तर दयेचा, आणि म्हणून सरकारपेक्षा धर्मादाय संस्थांनी पाहावयाचा, ही समजूत या वगळणुकीच्या मुळाशी होती.

महाराष्ट्रातील वाचकास हे चटकन पटावे. आपल्याकडे अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, प्राथमिक शाळा शिक्षण खात्याची, आणि अपंगांच्या विशेष शाळा दीर्घकाळ समाजकल्याणाच्या. 3 डिसेंबर 2022 पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा निराळा विभाग झाला, एवढाच त्यातला अलीकडचा बदल. एकच मूल तीन खात्यांच्या उंबरठ्यांवरून जाते, आणि एका दफ्तरातून त्याचे नाव उतरून दुसऱ्यात चढेलच अशी शाश्वती कोण देणार?

ज्या विचाराने हे पाहण्याची दृष्टी दिली, त्याचा उगमही अपंगांच्याच चळवळीत आहे. 1976 साली ब्रिटनमधील अपंगांच्या एका संघटनेने असे प्रतिपादिले की शरीरातील उणीव ही एक गोष्ट आणि समाजाने तिच्यावर लादलेले अपंगत्व ही दुसरी. पायऱ्या चढता न येणे ही उणीव, परंतु शाळेला पायऱ्याच असणे हे अपंगत्व. मायकेल ऑलिव्हर या चाकाच्या खुर्चीतून वावरणाऱ्या प्राध्यापकांनी 1983 मध्ये त्यास ‘सामाजिक प्रतिमान’ हे नाव दिले. पुढे 1994 मध्ये स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या जागतिक परिषदेने समावेशक शिक्षणाचा पुरस्कार केला. आपल्याकडील 1974 च्या एकात्म शिक्षणाच्या योजनेत मुलाने शाळेस जुळवून घ्यावयाचे होते, समावेशक शिक्षणात शाळेने मुलास.

वाशिमच्या एखाद्या पदवीधर मुलीस या शाखेत उतरावयाचे असेल, तर तिला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली विशेष शिक्षणातील बी.एड. पदवी घ्यावी लागेल. पुढील अभ्यासासाठी मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्था, एसएनडीटी महिला विद्यापीठ, कर्णबधिरांच्या शिक्षणासाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था अशी स्थाने आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 मधील निकालानंतर केंद्र शासनाने ठरविलेल्या प्रमाणानुसार प्राथमिक स्तरावर 10 आणि माध्यमिक स्तरावर 15 विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. गटसाधन केंद्रातून गावोगाव फिरणाऱ्या विशेष शिक्षकाचा दिवस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या प्रमाणाची निकड निराळी सांगावी लागणार नाही. शिक्षणहक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलास घरीच शिकण्याचा पर्याय दिला आहे, त्याविषयी मात्र माझ्या मनात काळजी आहे; पर्याय पालकांचा असावा अशी कायद्याची इच्छा, पण शाळेला उतार नाही आणि शौचालयात आधाराची दांडी नाही, अशा ठिकाणी तो पर्याय कोणाच्या सोयीसाठी वापरला जाईल?

28 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली: लवकर ओळख, अंगणवाडीत समावेश, आणि आशाताई व फिरत्या आरोग्यपथकामार्फत पुढील उपचारांकडे पाठवणी. योजनेच्या आरंभापासून 48 वर्षे, त्या प्रबंधापासून 25 वर्षे लोटली होती. अपंगत्वाच्या दाखल्याची हकीकत पुढील लेखांकात येईल. दाखल्याच्या आधीची पायरी मात्र अंगणवाडीताईची. मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्यावर ती नोंदवही उघडून बसते, आई अंगणात खेळणाऱ्या दोन मुलांची नावे सांगून थांबते, आणि ताईने लेखणी खाली न ठेवता विचारावयाचे असते, “बाई, आत आणखी कोणी आहे का?”