शेअर म्हणजे कॉपी नव्हे

व्हिज्युअल सोर्ससेफ या मायक्रोसॉफ्टच्या व्हर्जन कंट्रोल प्रणालीची शेवटची आवृत्ती 2005 ची. नव्या कामाला ती आता कुणी घेऊ नये. पण जुना कोड सांभाळायची वेळ आली, तर तिच्यातल्या शेअर, पिन आणि ब्रँच या कमांड नीट समजलेल्या बऱ्या.

गैरसमज : फाइल शेअर केली की दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये तिची कॉपी जाते.

डेटाबेसमध्ये फाइल एकच राहते, फक्त ती दोन्हीकडे दिसते. समजा, व्याज काढायचा कोड असलेली फाइल ‘ठेवी’ आणि ‘कर्ज’ या दोन प्रोजेक्टांत शेअर आहे. ठेवीवाल्याने राउंडिंग बदलून ती चेक-इन केली, की कर्जातही तीच नवी आवृत्ती लागू होते. कर्जवाला सकाळी गेट लेटेस्ट करतो आणि ज्याला त्याने हातही लावला नाही तो हप्ता काही पैशांनी वेगळा येऊ लागतो. सामाईक कोड एकाच जागी दुरुस्त व्हावा म्हणून तर शेअर आहे, पण धोकाही तिथेच आहे. अशी फाइल ओळखणे अवघड नाही. तिच्या आयकॉनवर एकामागे एक दोन पाने दिसतात आणि प्रॉपर्टीजमधल्या लिंक्स टॅबमध्ये ती कुठकुठे वापरली आहे त्याची यादी मिळते. ती यादी पाहिल्याशिवाय शेअर केलेली फाइल चेक-इन करूच नये, असे माझे ठाम मत आहे.

गैरसमज : पिन केली की फाइल सगळ्यांसाठी गोठते.

पिन त्या प्रोजेक्टपुरतीच असते. कर्जात सातवी आवृत्ती पिन केली, तरी ठेवीत आठवी, नववी, दहावी खुशाल होत राहते. कर्जातून मात्र त्या फाइलमध्ये बदल करता येत नाही. आणि पिन काढली, की कर्ज एकदम दहाव्या आवृत्तीवर येते, मधल्या सगळ्या बदलांसकट. म्हणून रिलीजच्या तोंडावर पिन ठीक; वर्षभर तशीच ठेवली, तर ती काढायची कुणाची हिंमत होत नाही.

गैरसमज : ब्रँच केल्यावर जुना इतिहास जातो.

जात नाही. फाटा फुटला तिथपर्यंतचा इतिहास दोन्ही फाइलींना सामाईक असतो, तुटतो तो पुढचा दुवा. ठेवीतली दुरुस्ती आता कर्जात आपोआप पोचणार नाही. ती मर्ज ब्रँचेस वापरून न्यावी लागेल.

गिटमधून आलेले लोक इथे हमखास अडखळतात. तिथे ब्रँच एकेका फाइलची नसते, ती एका कमिटकडे, म्हणजे सगळ्या फाइलींच्या एका स्थितीकडे निर्देश करते. सोर्ससेफसारखे शेअर गिटमध्ये नाहीच. सबमॉड्यूल हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय, पण तोही दुसऱ्या रिपॉझिटरीतल्या ठरावीक कमिटला बांधलेला, म्हणजे मुळातच पिन केलेला. त्यामुळे जुना कोड गिटमध्ये हलवण्याआधी लिंक्स टॅबमधली माहिती उतरवून घ्या. नंतर उरतात त्या सुट्या प्रती, आणि त्या कधीकाळी एकच फाइल होत्या याची नोंद कुठेच राहत नाही.