बेटावरच्या पुरुमेंतात पाण्यालाही जागा द्या

मे महिना लागला की गोव्यातील घराघरांत पुरुमेंताची धांदल सुरू होते. कोकणात जिला अगोटीची बेगमी म्हणतात तीच ही. उकडे तांदूळ, सुके बांगडे, सुकट, सोलं, मीठ लावून गोळे केलेली चिंच, खारातले आंबे, फणसाच्या आठळ्या, मिरच्या, कांद्याच्या माळा आणि माडाचा व्हिनेगर असे सारे पावसाआधी घरात येऊन पडते. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चच्या फेस्ताला भरणारा बाजार तर पुरुमेंताचे फेस्त म्हणूनच ओळखला जातो. चार महिने दर्यावर होडी जात नाही, वाटा चिखलाने भरतात, म्हणून आपल्या वाडवडिलांनी ही शिस्त घालून दिली.

या शिस्तीत एक वस्तू कधीच नव्हती, ती म्हणजे पाणी. तिची गरजच नव्हती. प्रत्येक वाड्यावर जांभ्या दगडात खोदलेली विहीर होती आणि ती पावसात काठोकाठ भरत असे. आज स्थिती पालटली आहे. नळ आला, विहिरीची काळजी सुटली. फेरीबोट नेमाने धावू लागली, दुकान जवळ आले आणि पुरुमेंतही आक्रसला. मांडवी नदीतील दिवाडीसारख्या बेटावर राहणाऱ्या शेतकरी बंधुभगिनींनी या गोष्टीचा विचार करावयास हवा. संकटाच्या वेळी बेटावर सर्वांत आधी पिण्याचे पाणी संपते आणि धान्य मागाहून.

संकट येते ते कसे

दिवाडीला जाण्यासाठी रायबंदर, जुने गोवे किंवा नार्वे येथून फेरीबोटच धरावी लागते. वादळी वारा सुटला की बोट थांबते आणि त्याबरोबर दूध, भाजी, गॅसची टाकी आणि औषध हेही पलीकडच्या काठावर राहते. झाडे पडून विजेच्या तारा तुटल्या की पंप बंद पडतो आणि वरची टाकी रिकामी होते.

२०२१ सालच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा राज्यभर झाडे आणि विजेचे खांब कोसळले व कित्येक ठिकाणी वीज परत येण्यास काही दिवस लागले. त्यापूर्वी २०१९ च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, खांडेपार येथे मोठी जलवाहिनी फुटली आणि तिसवाडी तालुक्यातील नळ अनेक दिवस कोरडे राहिले. आकाशातून धो धो पाणी पडत असताना माणसे घागरी घेऊन टँकरची वाट पाहत होती.

वादळ नेहमी पुरुमेंताची वाट पाहून येत नाही. अरबी समुद्रात चक्रीवादळे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उठतात. २००९ चे फयान वादळ नोव्हेंबरात आले होते. म्हणून बेगमी मेच्या आरंभीच तयार हवी आणि पाऊस सरला तरी नोव्हेंबर संपेपर्यंत ती मोडू नये.

किती पाणी ठेवावे

पिण्यासाठी आणि साध्या स्वयंपाकासाठी माणशी रोज ४ लिटर पाणी धरावे. पाच माणसांच्या घराला रोज २० लिटर, म्हणजे सात दिवसांना १४० लिटर लागतील. अंग पुसणे, भांडी, हात धुणे हे धरले तर माणशी १५ लिटरपर्यंत गरज जाते. परंतु त्यासाठी पागोळीचे पाणी चालते. पिण्याचे १४० लिटर मात्र वेगळे आणि राखीव असावे.

ते एकाच पिंपात न भरता २० लिटरच्या सात झाकणबंद कॅनमध्ये भरावे. एक कॅन बिघडला तरी सहा उरतात, आणि घरात पाणी शिरू लागले तर ते उचलून माळ्यावर नेता येतात. कॅन खाण्यापिण्याच्या वस्तूंचेच असावेत. कीटकनाशकाचा किंवा रंगाचा डबा कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नये. पाणी सावलीत ठेवावे, दर पंधरा दिवसांनी ते गुरांना किंवा माडाला घालून ताजे भरावे. डब्यात हात किंवा पेला बुडवू नये, तोटी लावावी किंवा लांब दांड्याचा डाव वापरावा. झाकण घट्ट नसेल तर डेंग्यूचा डास अशा स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात.

वादळाचा इशारा रेडिओवर ऐकला की त्याच क्षणी घरातील प्रत्येक घागर, हंडा, बादली आणि तपेले भरून घ्यावे. वीज गेल्यावर ही आठवण होऊन उपयोग नाही.

पागोळीचे पाणी

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद छपरावर १० मिलिमीटरची एक सर आली तर ५०० लिटर पाणी उतरते, आणि सांडलवंड वजा केली तरी ४०० लिटर हाती लागते. गोव्याच्या पावसात अशी सर दिवसातून कितीदा तरी येते. पन्हळ लावून, तोंडावर स्वच्छ धुतलेले दुपदरी फडके बांधून हे पाणी पिंपात घ्यावे. सुरुवातीची सर छपरावरची धूळ, पाने आणि पाखरांची घाण घेऊन येते, ती सोडून द्यावी. हे पाणी प्यावयाचे झाल्यास खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्यावे, किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे टाकून सांगितलेला वेळ थांबावे.

विहिरीची निगा

ज्यांची विहीर अजून जिवंत आहे त्यांनी ती बुजवू नये. कठडा उंच करावा, भोवती चर काढावा, जाळी बसवावी आणि रहाट व दोर शाबूत ठेवावा, कारण वीज गेली तरी रहाट चालतो.

पुराचे गढूळ पाणी विहिरीत शिरले तर ब्लीचिंग पावडर लागते. विहिरीत पाणी किती आहे ते असे काढावे: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, तिन्ही मीटरमध्ये, आणि आलेल्या आकड्याला ७८५ ने गुणावे. उत्तर लिटरमध्ये येते. २ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर ते ९,४२० लिटर झाले. चांगल्या प्रतीची पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम पुरते. पुरानंतर दुप्पट घ्यावी. म्हणजे या विहिरीला एरवी सुमारे २४ ग्रॅम आणि पुरानंतर सुमारे ४७ ग्रॅम पावडर लागेल.

पावडर थेट विहिरीत टाकू नये. बादलीत थोडे पाणी घालून तिची लापशी करावी, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावे. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली विहिरीत सोडावी व वरखाली हलवून पाण्यात मिसळावी. चुना बाहेर टाकावा. त्यानंतर निदान एक तास पाणी काढू नये. तासानंतर क्लोरीनचा किंचितही वास येत नसेल तर पुन्हा मात्रा द्यावी. लहान मुलांना आणि आजाऱ्यांना हे पाणी उकळूनच द्यावे. उघड्या पिशवीत राहिलेली, वास उडालेली पावडर निकामी समजावी.

आता बेटाची खरी अडचण पाहू. खाजनाचा बांध फुटला किंवा मानशीचे दार निखळले तर भरतीचे खारे पाणी शेतात येते आणि सखल भागातील विहिरीतही उतरते. पावडरीने जंतू मरतात, पण खारटपणा जात नाही. उकळल्याने तर तो वाढतो, कारण पाणी आटते आणि मीठ मागे राहते. असे पाणी तान्ह्या मुलांना, रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्यांना देऊ नये. खारावलेली विहीर मोठा पंप लावून एकदम तळापर्यंत उपसण्याचीही घाई नको. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने ते वर राहते. जोराने उपसा केला की खालचे खारे वर चढते. वरवरचे पाणी सावकाश काढीत जावे आणि पावसाला आपले काम करू द्यावे. तोवर घरातील ते सात कॅनच आपला आधार.

धान्य कसे आणि किती

सात दिवसांसाठी पाच माणसांना माणशी रोज ४०० ग्रॅम प्रमाणे १४ किलो तांदूळ, सुमारे ३ किलो डाळ, कुळीथ किंवा चवळी, १ लिटर तेल, १ किलो गूळ आणि मीठ पुरते. यात सुकी मासळी आणि सोलं आली की जेवण होते. पण चूल पेटेलच असे नाही. म्हणून न शिजवता खाता येण्याजोगे पोहे, भाजके चणे, शेंगदाणे, नारळ आणि गूळ दोन दिवस पुरतील इतके निराळे ठेवावेत. सरपणाचा एक भारा आणि काड्यापेटीचा डबा कोरड्या जागी असावा.

धान्याचा शत्रू ओल होय. भात साठवताना त्यात १४ टक्क्यांहून अधिक ओल नसावी. घरी याची परीक्षा सोपी आहे. दाणा दाताखाली धरावा. तो 'कट्' असा आवाज करून तुटला तर वाळला, दबला तर अजून ऊन हवे. ऊन दिलेले धान्य गार झाल्यावरच भरावे. डबा गळ्यापर्यंत भरून घट्ट लावावा, म्हणजे आत हवा थोडी राहते आणि किड्याला वाव मिळत नाही. कणगी किंवा पोते जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर आणि पूर्वीच्या पुराची खूण असेल त्याहून उंच ठेवावे. नवे मागे, जुने पुढे, आणि जुने आधी खावे. अशाने बेगमी वर्षभर ताजी राहते व वाया काहीच जात नाही.

धान्यात सुकलेला कडुनिंबाचा पाला घालण्यास हरकत नाही. परंतु धुरी देणाऱ्या विषारी गोळ्या राहत्या घरातल्या धान्यात कधीही ठेवू नयेत. त्यांचा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा खोबरे धुऊन, तळून खाऊ नये. त्या बुरशीचे विष उष्णतेने पुरते जात नाही आणि यकृताला घातक असते.

झाकणबंद धान्याने उंदरांनाही आळा बसतो. उंदराच्या लघवीतून पुराच्या पाण्यात उतरणारा लेप्टो हा ताप शेतकऱ्याला पायाच्या भेगेतून गाठतो. पुरात चालून आल्यावर ताप, अंगदुखी आणि डोळ्यांची लाली दिसली तर घरगुती उपायांत दिवस न घालवता दवाखाना गाठावा.

बियाणे आणि गुरे

आपल्या खाजनात कोरगुट पिकते ते खारेपणा सोसते म्हणून. पण पेरणीनंतर बांध फुटला आणि पाणी तुंबून राहिले तर कोरगुटाची रोपेही जातात. अशा वेळी दुसऱ्या पेरणीपुरते बियाणे घरात नसेल तर त्या वर्षीचे शेत पडीक राहते. म्हणून सगळे बियाणे एकदम पेरू नये. एक हिस्सा पेंढ्याच्या मुडीत किंवा घट्ट डब्यात माळ्यावर राखावा, आणि शेजाऱ्याशी बोलून ठेवावे की ज्याचे वाहून जाईल त्याला दुसरा देईल.

दुभत्या गाईला रोज ४० ते ५० लिटर पाणी लागते. ते डब्यांत साठवणे शक्य नाही, म्हणून गोठ्याच्या पागोळीखाली एक मोठे पिंप हवेच. पेंढा उंच माचावर ठेवावा. पाणी वाढू लागले तर गुरांचे दावे सोडावे.

औषधे

मधुमेह, रक्तदाब, दमा यांची औषधे नेहमी दोन आठवड्यांची हाती असावीत. वीज नसताना इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, मातीच्या एका मडक्यात ठेवून ते ओल्या वाळूसह दुसऱ्या मडक्यात ठेवल्यास ती गार राहते. जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून विरघळवावे व घोट घोट पाजावे. दिवस भरत आलेल्या बाईने आणि डायलिसिस चालू असलेल्या रोग्याने इशारा मिळताच बोट चालू असतानाच पलीकडे नातेवाइकांकडे जावे.

हे सारे एका घराने करून भागत नाही. कोणत्या वाड्यावर रहाटाची विहीर चालू आहे, कोणाकडे माळ्याचे पक्के घर आहे, कोणते म्हातारे जोडपे एकटे राहते, याची यादी प्रत्येक वाड्याने आताच करावी. या आठवड्यात मात्र प्रत्येक घराने एवढेच करावे: सात कॅन धुऊन भरावेत, त्यांवर तारीख लिहावी आणि पुरुमेंताच्या सामानाशेजारीच ठेवावेत. पुढल्या वर्षी मे महिन्यात आपल्या मुली-सुना बाजाराची यादी करतील तेव्हा तिच्यात तांदूळ आणि सोलांच्याही आधी पाणी लिहिलेले असावे, अशी आमची इच्छा आहे.