लॅपटॉपवरचं होस्टिंग पॅनल: काय खरं, काय नाही

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीत बसून तिथल्या चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिराची वेबसाइट उभी करायला शिकायचं, तर एक बरा लॅपटॉप, त्यात व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स आणि डेबियन लिनक्सची आयएसओ फाइल एवढं पुरतं. तरी अनेक मुलं सुरुवातच करत नाहीत, कारण ‘व्हर्च्युअल मशीन म्हणजे खोटा सर्व्हर’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. पण महिन्याच्या भाड्याने मिळणारा व्हीपीएस (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर) हाही बहुतेकदा व्हर्च्युअल मशीनच असतो. व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम २००७ साली लिनक्स कर्नलमध्ये आलं आणि आज कितीतरी व्हीपीएस त्याच्यावरच चालतात.

खरं तर होस्टिंग पॅनल, म्हणजे सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळायचं सॉफ्टवेअर, शिकायला व्हर्च्युअल मशीनहून चांगली जागा नाही. पॅनल कोऱ्या लिनक्सवरच बसवायचं असतं. वेबसर्व्हर, डेटाबेस, मेल, डीएनएस असं सगळं ते आपल्या ताब्यात घेतं. सीपॅनल हे पॅनल तर एकदा बसवलं की काढायची सोय नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच नव्याने टाकावी लागते. व्हर्च्युअल मशीनचा आधीच स्नॅपशॉट घेतलेला असेल, तर बिघडलेलं सगळं लगेच पूर्ववत होतं. मात्र स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. तो त्याच डिस्कवर असतो; डिस्क गेली की दोन्ही जातात.

पॅनलला पैसे लागतात, हेही अर्धंच खरं. सीपॅनल विकत घ्यावं लागतं आणि २०१९ पासून त्याचा दर खात्यांच्या संख्येवर ठरतो. हेस्टिया आणि व्हर्च्युअलमिन ही पॅनल फुकट मिळतात, आणि शिकण्यासाठी तेवढं भरपूर आहे.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो हा समज: ‘राउटरवर पोर्ट उघडला की साइट जगाला दिसते.’ इथे दोन भिंती आहेत. पहिली लॅपटॉपच्या आत. व्हर्च्युअलबॉक्स नॅट मोडमध्ये मशीनला १०.०.२.१५ असा पत्ता देतं आणि तो लॅपटॉपच्या ब्राउझरमधूनसुद्धा उघडत नाही. नेटवर्क ‘ब्रिज्ड’ केलं की मशीनला घरच्या राउटरकडून पत्ता मिळतो आणि हेस्टिया ८०८३ पोर्टवर दिसू लागतं. दुसरी भिंत इंटरनेट कंपनीकडे असते. आयपीव्ही४ पत्ते अपुरे असल्यामुळे मोबाइल डेटावर आणि बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर अनेक ग्राहक मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. राउटरच्या वॅन पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही अशाच सामायिक पत्त्यामागे आहात. मग घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरची विनंती तुमच्यापर्यंत येतच नाही. उपाय दोन: कंपनीकडून स्टॅटिक आयपी घेणं, किंवा आतून बाहेर जोडणी करणारं क्लाउडफ्लेअर टनेल. तरीही लाइट गेली की साइट गेलीच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: शिकणं घरी करावं, गावाची खरी साइट भाड्याच्या व्हीपीएसवर ठेवावी.

मेलची गोष्ट याहून कठीण. पॅनलमध्ये खातं काढलं म्हणजे मेल पोहोचेलच असं नाही. २५ नंबरचा पोर्ट अनेक कंपन्या बंदच ठेवतात, आणि रिव्हर्स डीएनएसची नोंद आयपी ज्याच्या मालकीचा त्यालाच करता येते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून ही नोंद मागतं, शिवाय पाठवणाऱ्या डोमेनची ओळख पटवणारं एसपीएफ किंवा डीकेआयएमही.

‘पॅनल आहे म्हणजे सर्व्हर सुरक्षित’ हा समज सर्वांत धोक्याचा, कारण पॅनलकडे रूटचे अधिकार असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनल या पॅनलमध्ये अशी त्रुटी निघाली की लॉगिन न करताही रूटचा ताबा मिळत होता. हजारो सर्व्हर रॅन्समवेअरच्या तडाख्यात सापडले. पॅनलचा पोर्ट फायरवॉलमधून फक्त आपल्या पत्त्याला उघडा ठेवावा आणि अपडेट लांबवू नयेत. जुन्या व्हिडिओंत हमखास दिसणाऱ्या सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आहे. त्याऐवजी डेबियन किंवा अल्मालिनक्सची चालू आवृत्ती घ्या, आणि ती निवडलेल्या पॅनलवर चालते का, हे बसवण्याआधीच पाहा.