तुम्ही बसा ना भाऊ, आम्ही करतो

मी पूर्ण अंध आहे आणि नागपुरात एका बँकेच्या शाखेत कारकून आहे. रुजू झालो तेव्हा माझ्या टेबलावर तर्री-पोहे वेळेवर यायचे, काम मात्र यायचं नाही. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचं एकच: “तुम्ही बसा ना भाऊ, आम्ही करतो.” कुणाच्या मनात खोट नव्हती. आपल्याकडच्या माणसाला दुसऱ्याची अडचण बघवतच नाही. पण पगार घेऊन रिकामं बसणाऱ्याची किंमत रोज थोडी उतरत जाते, आणि बढतीची वेळ आली की “यांना येतं काय?” असं विचारणारेही हेच प्रेमळ लोक असतात.

मदत आणि सोय यांतला फरक समजून घ्यायचा तर जलतरण तलावावर चला. कांचनमाला पांडे रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयातल्या, पूर्ण अंध. डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटीतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडले प्रकारात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. त्यांचा गट एस-११. यात प्रत्येकाला काळा केलेला गॉगल सक्तीचा असतो, म्हणजे एखाद्याला किंचित दिसत असलं तरी शर्यत सारखीच. भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीच्या मऊ टोकानं पोहणाऱ्याला टपली देतो. त्याला टॅपर म्हणतात. टपलीला उशीर झाला तर हात नाहीतर डोकं भिंतीवर आदळतं, घाई झाली तर वळण फुकट जातं. एवढं जोखमीचं काम, पण टॅपर पाण्यात उतरत नाही. “ताई, तुम्ही बसा, मी पोहून येतो,” असं तो म्हणत नाही.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा असाच टॅपर मागतो. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगतेचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत, आणि बहुतेकांची माहिती इथंच संपते. त्याच कायद्यात ‘वाजवी सोय’ आहे. मालकावर न पेलणारा भार न टाकता साधन, जागा किंवा कामाची पद्धत त्या माणसापुरती बदलून द्यायची. ती नाकारणं हा भेदभावच धरला जातो. समान संधीचं धोरण जाहीर करणं खासगी कंपन्यांनाही बंधनकारक आहे. तुमच्या ऑफिसात ते कुठं लावलंय, एकदा विचारून बघा. गंमत येईल.

मला पहिला टॅपर शाळेत भेटला. ब्रेल मी अंध विद्यालयात शिकलो; त्या शाळांना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. आठवीपासून मात्र साध्या शाळेत आलो. तिथं गणिताचा तास असा चालायचा: “याला यानं गुणलं, हे इकडे नेलं, की हे आलं.” फळा न दिसणाऱ्या पोराच्या हाती यातलं काय लागणार? नववीत दुसरे सर आले. ते फळ्यावर जे लिहीत तेच मोठ्यानं म्हणत: “एक्सचा वर्ग, अधिक पाच एक्स, अधिक सहा, बरोबर शून्य.” बस, एवढंच. माझं गणित सुधारलंच, पण शेवटच्या बाकावरची दोन-तीन पोरंही वह्या भरू लागली. त्यांना फळा धूसर दिसायचा आणि चष्म्याच्या भीतीनं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. भूमितीला शेजारचा मित्र पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून त्रिकोण करून द्यायचा. परीक्षेला लेखनिक आणि तासामागे किमान २० मिनिटं जादा, ही सवलत आज नियमात आहे. पण परीक्षा वर्षातून दोनदा येते, फळा रोज असतो.

बँकेत माझं अडलं ते फाँटपाशी. मी संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ साली तो लिहायला घेतला. तो फुकट मिळतो आणि पडद्यावरचं वाचून दाखवतो. मात्र मजकूर युनिकोडमध्ये हवा. कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं-चिन्हंच असतात. मग ‘कार्यालय’ हा शब्द माझ्या कानात येतो तो असा: “डी के सेमीकोलन के झेड वाय सेमीकोलन.” अख्खं परिपत्रक असं ऐकून बघा बाप्पा! कागद स्कॅन करून पाठवला तर तेवढंही नाही. त्याचा फोटो होतो आणि अक्षर ओळखायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. मराठी पत्रं युनिकोडमध्ये टाईप करा, असं मी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांना आधी वाटलं, काहीतरी महागडं यंत्र मागतोय. खर्च शून्य होता. टायपिंग करणाऱ्या मॅडमना कळफलक बदलायला चार-सहा दिवस जड गेले. नंतर त्याच म्हणाल्या, जुनं पत्र शोधायला आता बरं पडतं.

माला पापळकरांची बातमी वाचली तेव्हा माझ्या डोक्यात हेच आलं. जळगाव रेल्वे स्थानकावर तान्ही असताना सोडून दिलेली ही अंध मुलगी अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या आश्रमात वाढली आणि २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा पास झाली. नेमणूक नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. शंकरबाबांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. सत्काराच्या बातम्या भरपूर आल्या, त्या यायलाच हव्यात. पण अशा कर्मचाऱ्याची खरी परीक्षा हार सुकल्यावर सुरू होते: स्क्रीन रीडर पहिल्या दिवशी आहे की सहा महिन्यांनी मागवणार? मजकूर कोणत्या फाँटमध्ये आहे? बाथरूमची वाट कुणी एकदा बरोबर येऊन दाखवली का? कपाट हलवलं तर सांगणार कोण? हे सगळं आल्यादिवशी विचारलं तर अर्ध्या तासाचं काम आहे. आणि विचारायचं त्याच माणसाला, शेजारच्याला नव्हे. “यांना चहा चालतो का?” असं माझ्यासमोर दुसऱ्याला विचारणारे मला अजून भेटतात.

आता नवीन अडचणी मोबाईलमधून येतात. ॲपवर केवायसी करताना ‘डोळे मिचकावा’ म्हणतात. अंधानं किंवा ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या बाईनं काय करावं? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि पर्यायी पद्धती देण्याचे निर्देश दिले. निकाल दिल्लीहून शाखेच्या काउंटरपर्यंत यायला वेळ लागतो. तोवर असा ग्राहक आला की आधी माझ्या टेबलाशी पाठवा, त्याच्या फोनवर स्क्रीन रीडर सुरू करून कोणता मार्ग मोकळा आहे ते मी सांगीन, असं पत्र मी साहेबांना दिलंय. युनिकोडमध्ये.