फॉरमॅट मारण्याआधी

"काही गेलं नाही जी. हाये तेथच हाये."

दारव्ह्याहून एसटीत मांडीवर सीपीयू घेऊन आलो होतो. यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या दुकानातल्या पोराचं हे वाक्य ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. माझं टायपिंग-डीटीपीचं काम. आदल्या दिवशी गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावून प्रिंट काढून दिली. संध्याकाळी कायम जोडून ठेवलेली माझी एक्स्टर्नल डिस्क उघडली, तर प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा दोन केबीचा शॉर्टकट! प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रांचे मसुदे, एका शाळेची स्मरणिका असं नऊ वर्षांचं काम त्यात होतं. गावातल्या एकाने बघताक्षणीच विचारलं होतं, "फॉरमॅट मारू का?"

या पोराने विंडोज सुरूच केलं नाही. इंटरनेटची वायर बाजूला ठेवली आणि उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं. स्क्रीनवर माझे सगळे फोल्डर जसेच्या तसे! गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून आलेली ही व्हायरसची कीड फाइल पुसत नाही. फोल्डरला 'लपलेला' आणि 'सिस्टिमचा' अशा दोन खुणा लावते आणि पुढे तोतया शॉर्टकट उभा करते. उबुंटू या खुणा जुमानत नाही. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी तिची स्क्रिप्ट चालते, मग खरा फोल्डरही उघडतो, म्हणून संशय येत नाही. त्याने आधी सगळा डाटा वेगळ्या डिस्कवर उतरवला. दोन तास गेले. तोवर त्याने दुसऱ्या कशालाही हात लावला नाही, आणि मला तरी याच दोन तासांत खरा कारागीर दिसला.

मग विंडोज सुरू केलं. टास्क मॅनेजरमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट चालताना दिसलं, ते बंद केलं. टेम्पमधली मूळ स्क्रिप्ट उडवली, स्टार्टअपमधली तिची नक्कल उडवली, रजिस्ट्रीतली नोंद काढली, टास्क शेड्यूलरही तपासला. एक जरी धागा राहिला, तर पुढचा पेनड्राइव्ह लावताच सगळं पुन्हा. शॉर्टकट पुसून 'ॲट्रिब'च्या एका आज्ञेने फोल्डरवरच्या खुणा काढल्या. शेवटी, विंडोज उठण्याआधीच चालणारं डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन.

कीड गेली, तरी सेटिंग्ज उघडली की मिटायची. 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा विंडोजच्या मुख्य फायली त्यांच्या राखीव प्रतींशी ताडून पाहते आणि बिघडलेल्या बदलते. आमच्याकडे उत्तर आलं: बिघाड सापडला, काही फायली दुरुस्त होत नाहीत. म्हणजे राखीव कोठारच नासलेलं. बियाण्याच्या पोत्यालाच भुंगा लागावा तसं. मग त्याच आवृत्तीच्या विंडोजचा पेनड्राइव्ह लावून 'डिझम'ने आधी कोठार दुरुस्त केलं आणि एसएफसी पुन्हा चालवलं. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ अडकली. माझा हात बटणाकडे गेला, तर तो म्हणाला, "राहू द्या काका. आता बंद केलं तर सारंच बसते." यूपीएस आधीच लावलेला होता. लाइटीचा भरवसा कोणी द्यावा!

या सगळ्याचं मूळ मात्र माझ्याच विंडोजमध्ये होतं. ते क्रॅकचं, म्हणजे विनापरवाना. क्रॅक चालावा म्हणून डिफेंडर बंद, अपडेटही बंद. अपडेट बंद ठेवणं किती महागात पडतं बघा: 12 मे 2017 ला वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या भोकावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलेलं होतं. ज्यांनी लावलं नाही ते सापडले. आणि दुरुस्तीची ही कारागिरी छोटी नाही: आपल्या ओळखीचं क्विक हील हे अँटिव्हायरसही अशाच दुरुस्तीच्या टेबलावरून उभं राहिलं. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले. फॉरमॅटवर भागवलं असतं, तर ते घडलं नसतं.

निघताना पोराने बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलायला सांगितलं. विंडोजचं लायसन्स मी त्याच आठवड्यात घेतलं.

आता दर शनिवारी दुसऱ्या डिस्कवर प्रत उतरवतो आणि तिची वायर काढून कपाटात ठेवतो. ज्यांच्या संगणकात लोकांचे कागद आहेत त्यांनी एवढं कराच, आणि कोणी फॉरमॅट मारतो म्हणालं, तर आधी डाटा उतरवून मागा.